शोपँ, भूप आणि जॅझचा पियानो

‘इम्प्रोव्हायझेशन’ या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता, हा प्रश्न वरवर पाहता कोशकाराचा आहे. परंतु जॅझविषयी मराठीत काही विचारपूर्वक लिहावयाचे ठरविले की तो टीकाकाराचा होऊन बसतो. ‘आशुरचना’ म्हणावे तर शीघ्रकवी डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि शीघ्रकवीविषयी आपल्याला कौतुक असले तरी आदर बेताचाच असतो. ‘उत्स्फूर्त आविष्कार’ म्हणावे तर त्यामागचे वर्षानुवर्षांचे परिश्रम नाहीसे होतात. गवयांच्या बोलण्यातला ‘उपज’ हा शब्द या दोहोंहून सरस आहे. कारण त्यात बीज आहे, जमीन आहे आणि मशागतही आहे. अनुवाद करताना मी तोच पत्करतो. मात्र शब्द सरस असला म्हणजे निर्धोक असतोच असे नाही. एकच शब्द दोन संगीतांना लावला की दोन्हीकडे एकच व्यापार चालला आहे असा समज बळावतो. दिल्लीतील संगीतसभांच्या परिचयपत्रिका वाचणाऱ्यास एक विधान वारंवार आढळते: जॅझ उपजेवर उभे आहे, रागसंगीतही उपजेवर उभे आहे, म्हणून ती दोघे भावंडे होत. या विधानातील पहिले दोन भाग खरे आहेत. तपासायला हवा तो ‘म्हणून’.

तो तपासण्यास पियानोइतके सोयीचे वाद्य नाही. सॅक्सोफोन, सनई, सारंगी, मनुष्याचा कंठ ही सारी दोन स्वरांच्या मधल्या जागेतून घसरत जाऊ शकतात. त्यामुळे जॅझमधला सॅक्सोफोनवादक रागाच्या जवळपास वावरू लागला की आपला कान सहज भुलतो. पियानोला ही पळवाट नाही. त्याच्या अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांपैकी प्रत्येक पट्टी म्हणजे एक ठाम निर्णय आहे. हातोडी तारेवर पडते, स्वर उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो; त्याला वाकविता येत नाही, फुगविता येत नाही, शेजारच्या स्वराकडे ओढून नेता येत नाही. शिवाय सप्तकाचे बारा अगदी समान भाग करून हे वाद्य जुळविलेले असते. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गांधाराशी पियानोचा शुद्ध गांधार ताडून पाहिला तर तो सुमारे चौदा सेंटांनी चढा निघतो. सप्तकाचे बाराशे सेंट धरले तर हा फरक थोडा वाटेल, पण तंबोऱ्याशेजारी बसून ज्याने गाणे शिकले त्याला तो टोचल्याशिवाय राहत नाही. तेव्हा या दोन संगीतांत जे काही खरोखर समान असेल ते पियानोवर टिकेल, आणि जे नुसते भासमान असेल ते उघडे पडेल.

आणखी एका शब्दाची उकल आधी करून घ्यावी लागेल. ‘क्लासिकल’ या विशेषणाला आपण साहित्यात ‘अभिजात’ म्हणतो आणि संगीतात ‘शास्त्रीय’. ही दुहेरी सोय अपघाताने झाली असली तरी तीत शहाणपण आहे. युरोपातील अभिजात संगीत हे ग्रंथासारखे आहे. त्याला कर्ता आहे, तिथी आहे, छापील पाठ आहे. वादकाने त्या पाठाचा अर्थ लावावयाचा, त्यात भर घालावयाची नाही. आपले शास्त्रीय संगीत हे शास्त्राने बांधलेले असले तरी पाठाने बंद केलेले नाही. बंदिश ही त्याची सुरुवात असते, शेवट नव्हे. म्हणून ‘अभिजात संगीतापासून प्रेरणा घेतलेला जॅझ’ असे दिल्लीत कोणी म्हणाले, तर त्याचे अर्थ दोन होतात आणि ते परस्परांच्या उलट आहेत. शोपँकडे जाणारा जॅझवादक एका बंद पाठाला उघडू पाहतो. भूपाकडे जाणारा जॅझवादक जे आधीच उघडे आहे तेथे जाऊन पोचतो. तेथे त्याने उघडावयाचे ते काय?

हे दोन्ही प्रवास एकाच माणसाने, एकाच दौऱ्यात केल्याचे उदाहरण उपलब्ध आहे. १९५८ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने डेव्ह ब्रूबेक या पियानोवादकाला त्याच्या चमूसह पोलंडपासून भारतापर्यंत आणि पुढे इराण-इराकपर्यंत पाठविले. शीतयुद्धाच्या त्या काळात जॅझ हे राजनीतीचे एक गोजिरवाणे शस्त्र होते, यात शंका नाही. परंतु शस्त्र म्हणून पाठविलेल्या माणसाने कान उघडे ठेवले, हेही तितकेच खरे. पोलंडमध्ये शोपँच्या स्मृतिवस्तू पाहून झाल्यावर त्याने ‘जेंकुये’ नावाची एक रचना केली. पोलिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आभारी आहे’ असा होतो. पोझ्नान येथे ती प्रथम वाजविली गेली. तेथून तुर्कस्तानमार्गे तो भारतात आला. दिल्ली, मद्रास, कलकत्ता, मुंबई अशा शहरांतून त्याचे कार्यक्रम झाले. मद्रासला पळणी सुब्रमण्य पिळ्ळै यांच्या मृदंगाशी आणि मुंबईला अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीशी त्याची गाठ पडली. मुंबईतलाच एडवर्ड साल्दान्हा हा तरुण पियानोवादक, ज्याला सारे ‘डिझी साल’ म्हणत, पुढच्याच वर्षी ब्रूबेकच्या शिफारशीने बोस्टनच्या बर्कली विद्यालयात शिकावयास गेला. परतल्यावर ब्रूबेकने ‘जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तिच्यात शोपँचे आभार मानणारी ती रचना आहे, बाखच्या धाटणीने बांधलेले ‘ब्रँडेनबुर्ग गेट’ आहे आणि ‘कॅलकटा ब्लूज’ही आहे.

ब्रूबेकची तयारी या कामाला अनुकूल होती. महायुद्धानंतर तो कॅलिफोर्नियातील मिल्स कॉलेजात दार्यूस मियो या फ्रेंच रचनाकाराकडे शिकला होता, आणि मियोने स्वतः १९२३ सालीच जॅझच्या प्रभावाखाली एक नृत्यनाट्य लिहिलेले होते. म्हणजे अभिजात आणि जॅझ यांमधली भिंत ओलांडण्याचे शिक्षण त्याला गुरूकडूनच मिळाले. तरी त्या ध्वनिमुद्रिकेत एक भेद स्पष्ट दिसतो. शोपँकडून त्याने घेतला तो स्वरसंघांचा प्रवास: एका स्वरसमूहातून दुसऱ्यात जाताना मधला एखादाच स्वर अर्ध्या पायरीने सरकावा आणि साऱ्या वाक्याचा रंग पालटावा, ही शोपँची खास खुबी. भारताकडून मात्र त्याने राग घेतला नाही. त्याने घेतले ते तालाचे भान आणि एका आधारस्वरावर स्थिर राहण्याची वृत्ती. ‘कॅलकटा ब्लूज’मध्ये एरवी स्वरसंघांची गर्दी करणारा ब्रूबेकचा हात बराच आवरलेला आहे. रागाला हात न लावण्याचा हा संयम मला त्या ध्वनिमुद्रिकेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. तो का मोलाचा, हे समजण्यासाठी जॅझची उपज चालते कशी, ते पाहिले पाहिजे.

जॅझमध्येही आवर्तन असते. ब्लूज या प्रकाराचे आवर्तन बारा खंडांचे, प्रत्येक खंड चार मात्रांचा. म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रा. प्रचलित गीतांचे आवर्तन बहुधा बत्तीस खंडांचे, म्हणजे एकशे अठ्ठावीस मात्रांचे. परंतु आपण आवर्तनात कोठे आहोत हे आपल्याला सांगतो तो ठेका. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते आणि बायाचा घुमारा मागे सरतो, तेव्हा गायकाला मागे वळून पाहण्याचीही गरज नसते. जॅझमध्ये हे काम ठेक्यापेक्षा स्वरसंघ करतात. अमुक स्वरसमूह आला म्हणजे सहावा खंड, तमुक आला म्हणजे परतीचा रस्ता, हे वादकांच्या कानात मुरलेले असते. मूळ चाल एकदा वाजवून झाली की ती पूर्णपणे बाजूस सारली तरी चालते. उजवा हात पाहिजे तेथे भटकतो. डाव्या हाताखाली स्वरसंघांची ती मालिका आवर्तनामागून आवर्तन फिरत राहते. श्रोता म्हणतो, हे तेच गाणे आहे; पण त्यातले ऐकून पाठ केलेले वाक्य एकही उरलेले नसते. इकडे ख्यालगायक चीज मुखड्यापुरती ठेवतो हे खरे, परंतु रागाची चाल तो क्षणभरही सोडीत नाही. सोडली तर राग मोडतो. म्हणजे जॅझवादक जे टाकतो, ती सुरावट, तेच आपल्याकडे प्राणभूत. आणि तो जे जपतो, ती स्वरसंघांची चौकट, ती आपल्याकडे नाहीच.

आता शोपँकडे जॅझवाले पुन्हा पुन्हा का वळतात ते ध्यानात येईल. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रेल्यूडांपैकी चौथे, ई मायनरमधले, जेमतेम पंचवीस खंडांचे आहे. त्यात उजवा हात जवळजवळ काहीच करीत नाही; एका स्वरावरून शेजारच्या स्वरावर जातो, परत येतो. जे घडते ते डाव्या हातात. तेथले स्वरसंघ अर्ध्या अर्ध्या पायरीने खाली उतरत राहतात, आणि वरचा तोच एक स्वर दर वेळी निराळ्या दुःखाचा भासतो. जॅझवादकाच्या दृष्टीने हा पाठ म्हणजे निमंत्रणच आहे. चौकट भरगच्च, आणि चाल इतकी रिकामी की तिच्या जागी आपले काही मांडावे. जेरी मुलिगनने १९६३ साली त्याचे बोसानोव्हाच्या अंगाने केलेले रूपांतर प्रसिद्ध आहे.

येथे इतिहासाचा एक विनोद सांगण्याजोगा आहे. ज्या पाठांना आज आपण बंद म्हणतो त्यांचे कर्ते स्वतः उपजेचे बादशहा होते. १७४७ साली पॉट्सडॅमच्या दरबारात फ्रेडरिक राजाने दिलेल्या स्वरवाक्यावर बाखने जागच्या जागी बहुस्वरी रचना वाजवून दाखविली. मोत्सार्ट आणि बीथोव्हेन यांची कीर्ती आधी उपजेसाठी पसरली, मग लेखनासाठी. शोपँ तर मित्रमंडळींत जे वाजवी त्याचा अंशच कागदावर उतरला असे त्याला ऐकणारे म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही परंपरा युरोपच्या सभागृहांतून जवळजवळ नाहीशी झाली, आणि उरला तो कागद. तेव्हा जॅझचा पियानोवादक शोपँवर उपज करतो तेव्हा तो पावित्र्यभंग करतो, हा जुना आक्षेप फारसा टिकण्यासारखा नाही. त्याने गमावलेली वस्तू मूळ मालकाच्या घरी परत नेऊन ठेवली, असेही म्हणता येईल.

अर्थात अभिजात रचनेवर जॅझ वाजवले म्हणजे उपज झालीच असे नव्हे. आर्ट टेटम हा या वाद्यावरचा अचाट कारागीर. जवळजवळ दृष्टिहीन असलेल्या या माणसाने द्वोर्झाकच्या ‘ह्यूमोरेस्क’चे आणि मासनेच्या ‘एलेजी’चे जे अवतार १९४० साली ध्वनिमुद्रित केले ते ऐकताना बोटे दहाच आहेत यावर विश्वास बसत नाही. परंतु त्याची ‘ह्यूमोरेस्क’ची निरनिराळ्या वेळची ध्वनिमुद्रणे एकापुढे एक ठेवली तर ती बरीचशी सारखी निघतात. आपल्याकडे ज्यांना पाठ ताना म्हणतात त्या जातीचे हे काम आहे: घडवताना उपज, सादर करताना पाठ. मला स्वतःला त्याची ब्लूज याहून अधिक प्रिय आहेत.

टेटमचा जन्म १९०९ चा आणि मृत्यू १९५६ चा. नेमकी हीच दोन वर्षे बा. सी. मर्ढेकरांची. हा केवळ योगायोग. पण नभोवाणीच्या नोकरीत आयुष्य घालवून दिल्लीत निधन पावलेल्या या कवीने ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची जी तीन अंगे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, ती जॅझच्या पियानोला इतकी चपखल बसतात की हा योगायोग नोंदवावासा वाटतो. ब्लूजमध्ये डावा हात शुद्ध गांधाराचा स्वरसंघ धरून बसतो आणि उजवा हात त्याच्यावर कोमल गांधार आपटतो. दोन्ही गांधार एकाच क्षणी वाजतात. आपल्या व्याकरणात हा अपराध आहे. जोग किंवा तिलंगात दोन रूपांचा स्वर येतो, पण एकापाठोपाठ, एकावर एक नव्हे. ब्लूजमध्ये तो विरोध हाच भाव आहे, आणि पुढील स्वरसंघ येऊन त्याला तोलून धरतो. जॅझचा पियानो शोपँकडून संवाद शिकला असेल. विरोध त्याने आफ्रिकी वंशाच्या गुलामांच्या गाण्यातून आणला.

१९५८ च्याच डिसेंबरात बिल एव्हान्सने ‘पीस पीस’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. आपल्या वाचकाने जॅझचा एकच पियानो ऐकावयाचा ठरविला तर मी हा सुचवीन. डाव्या हातात दोन स्वरसंघांची एक छोटी आकृती आहे आणि ती पावणेसात मिनिटे, थेट शेवटापर्यंत, तशीच चालू राहते. शोपँच्या १८४४ च्या ‘बेर्सझ’मध्ये, म्हणजे पाळण्यात, डावा हात असाच झुलत राहतो, आणि ते नाते जाणकारांनी दाखविले आहे. आपल्या कानाला मात्र तो लेहरा वाटतो. सारंगीवाल्याने लेहरा धरावा आणि तबलियाने त्यावर मन मानेल तसे खेळावे, तसा उजवा हात आरंभी साध्या वाक्यांनी चालतो, हळूहळू चौकटीबाहेरचे स्वर घेऊ लागतो, आणि मध्यावर पहाटेच्या पक्ष्यांसारखा विस्कळीत होऊन पुन्हा शांतावतो. स्वरसंघांचा प्रवासच येथे थांबविला आहे. जॅझ आणि रागसंगीत एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात ते मला येथे, आणि एव्हान्सने हे भारताकडे पाहून केले नव्हते.

मग भूपाकडे गेलेल्या पियानोचे काय होते? विष्णु नारायण भातखंडे यांनी मराठीतच लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’त रागांची विभागणी दहा थाटांत केली. थाट म्हणजे स्वरांची यादी. राग म्हणजे त्या यादीतून चालत जाण्याची रीत. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गांधाराचे राज्य, देशकारात धैवताचे; भूप पूर्वांगात रमतो आणि रात्री गायला जातो, देशकार उत्तरांगात आणि सकाळी. हे पाच स्वर पियानोवरही आहेत, आणि जॅझवादकाला पंचस्वरी सप्तक नवे नाही. पण तो त्यांवर मोकळेपणाने उपज करू लागला की पहिल्या अर्ध्या मिनिटात भूप देशकारात मिसळतो आणि दोन्ही नाहीसे होतात. त्याच्या हाती थाट लागतो, राग लागत नाही. त्यातून त्याने डाव्या हाताने स्वरसंघ द्यावयास सुरुवात केली, तर गांधाराला रागाने दिलेले वजन कोणता स्वरसंघ चालू आहे यावर अवलंबून राहू लागते, आणि वादी-संवादीची व्यवस्थाच कोलमडते. ब्रूबेकच्या संयमाचे मोल येथे कळते. अनेक ‘मीलनां’त हा संयम आढळत नाही आणि परिचयपत्रिकेतला तो ‘म्हणून’ त्यांना अभय देतो.

इतके म्हटल्यावर नाते अजिबातच नाही असा निष्कर्ष निघेल, तर तोही चुकेल. नाते आहे, पण ते जॅझ आणि राग यांच्यात नसून जॅझचा पियानोवादक आणि आपला पेटीवाला यांच्यात आहे, असे मला वाटते.

ज्या वर्षी ब्रूबेक भारतात आला त्या वर्षी संवादिनी आकाशवाणीला वर्ज्य होती. लायनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत, १ मार्च १९४० पासून, हा निर्बंध लागू झाला. त्याच्या दोन वर्षे आधी दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख असलेले जॉन फोल्ड्स या इंग्रज रचनाकाराने या वाद्याविरुद्ध लेखणी चालविली होती. म्हणजे पेटी परकी आहे, हे सांगण्यात परका माणूस पुढे होता. स्वातंत्र्यानंतर मूळचे पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणीमंत्री होते, आणि त्यांच्या राजवटीतही तो निर्बंध कायम राहिला. १९७१ च्या सुमारास साथीपुरता तो सैल झाला. स्वतंत्र वादनाला त्यानंतरही बराच काळ वाट पाहावी लागली. आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने खोटा नव्हता. पेटीला मींड नाही, श्रुती नाही, दरबारीच्या आंदोलित गांधारावर ती नुसती उभी राहिली तरी रंग उतरतो. पण ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकाने पायपेटी घरोघर नेली आणि जेथे गोविंदराव टेंबे यांच्यासारखा, ‘मानापमाना’च्या चाली बांधणारा माणूस पेटीवर गायकी उतरवून दाखवीत होता, तेथल्या कानाला हे सारे पटूनही पटत नसे. दिल्लीत दूरदर्शनच्या आरंभी काम करणारे पु. ल. देशपांडे हेही हाडाचे पेटीवाले, हे सांगावयास नकोच.

टेंबे किंवा पी. मधुकर यांच्या पेटीवर मींड ऐकू येते ती येते कोठून? पहिली पट्टी सोडण्याच्या आत दुसरी दाबली जाते. क्षणभर दोन स्वर एकमेकांत मिसळतात. भात्याचा दाब त्याच क्षणी किंचित घटतो किंवा वाढतो. मुख्य स्वराआधी शेजारचा कणस्वर चाटून जातो. जेथे वाद्याचा स्वर रागाच्या स्वराशी जुळणार नाही तेथे शहाणा वादक थांबत नाही, स्पर्श करून पुढे जातो, आणि मुक्काम षड्ज-पंचमावर करतो. मींड नसते, मींडेची आठवण असते, आणि ती श्रोत्याचा कान पुरी करतो. आता थेलोनियस मंक या जॅझवादकाकडे पाहावे. निग्रो गायकाच्या कंठातला, कोमल आणि शुद्ध यांच्या मधला तो ‘ब्लू’ स्वर पियानोवर नाही. मंक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतो आणि लगेच एक सोडून देतो. चिरडलेल्या त्या दोन स्वरांतून जे उरते ते ऐकताना कानाला स्वर वाकल्यासारखा वाटतो. मंकने टेंब्यांना ऐकले असण्याचा संभव नाही. पण दोघांपुढे अडचण एकच होती आणि दोघांच्या बोटांना सापडलेली युक्तीही एकाच कुळातली आहे. दोघेही कंठाचे अनुवादक आहेत, आणि ज्या भाषेत अनुवाद करावयाचा ती भाषा मूळातला सर्वांत गोड शब्द उच्चारू शकत नाही. अनुवादाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ही बोटे ओळखीची वाटावीत यात नवल नाही.

ड्यूक एलिंग्टनचा मार्ग निराळा होता. १९६० साली त्याने आणि त्याचा सहकारी बिली स्ट्रेहॉर्न याने चायकोव्हस्कीच्या ‘नटक्रॅकर’चे आणि ग्रीगच्या ‘पेर ग्युंट’चे जॅझ-अवतार केले. त्यांत त्यांनी शीर्षकांनाही सोडले नाही. चायकोव्हस्कीची साखरपरी त्यांच्या हाती रममध्ये भिजून आली. सप्टेंबर १९६३ मध्ये ही मंडळी दिल्लीत होती. येथे एलिंग्टन आजारी पडून रुग्णालयात गेला आणि पियानोपाशी स्ट्रेहॉर्न बसला. या दौऱ्यानंतर लगोलग रागरंगाचे काही तरी वाजवावे असा मोह एलिंग्टनने टाळला. पाहिलेले-ऐकलेले आत मुरू द्यावे आणि मग काय बाहेर येते ते पाहावे, अशी त्याची भूमिका होती. ‘फार ईस्ट स्वीट’ ध्वनिमुद्रित झाली ती डिसेंबर १९६६ मध्ये. तिच्यात ‘ब्लूबर्ड ऑफ डेल्ही’ नावाचा स्ट्रेहॉर्नचा एक भाग आहे. दिल्लीच्या मुक्कामात खोलीजवळ येऊन एक मैना तीच तीच शीळ घाली. ती शीळ जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटवर ठेवून भोवती सारा वाद्यवृंद उभा केलेला आहे. मैना निळी नसते, आणि मराठीत तिला आपण साळुंकी म्हणू. पण शीळ बिनचूक आहे, हे दिल्लीत राहणारा कोणीही सांगेल. भारतीय शास्त्रीय संगीतातून त्यांनी काहीच घेतले नाही असे म्हणता येणार नाही. पण उसने घेतलेला राग त्यात नाही. मे १९६७ मध्ये स्ट्रेहॉर्न वारला.

उलट दिशेचा प्रवास आता याच शहराने पाहिला आहे. सफदरजंग एन्क्लेव्हमध्ये २०१५ साली पियानो मॅन हा जॅझ क्लब सुरू झाल्यापासून पियानो ऐकण्यासाठी तारांकित हॉटेलात जाण्याची गरज उरली नाही, आणि ग्रेटर नोएडात जॅझचे पद्धतशीर शिक्षण देणारी संस्थाही उभी राहिली. परंतु मला अभिप्रेत असलेले उदाहरण उत्सव लाल यांचे आहे. १९९२ साली दिल्लीत जन्मलेल्या या वादकाचे जॅझचे शिक्षण ग्लासगो आणि बोस्टन येथे झाले. ध्रुपदाची तालीम त्यांनी वासिफुद्दीन डागर यांच्याकडे घेतली. पियानोवर ते आलाप करतात. काही काळ त्यांनी जेफ स्मिथ या इंग्रज कारागिराने बनविलेल्या ‘फ्लुइड पियानो’वरही वादन केले, त्यात प्रत्येक स्वराची जुळणी वादकाला वाजवता वाजवता बदलता येते. फोल्ड्स-केसकरांच्या आक्षेपाला हे यांत्रिक उत्तर आहे आणि ते कौतुकास्पद आहे. तरी साध्या पियानोवरचा त्यांचा आलाप मला अधिक विचार करावयास लावतो. स्वर विरण्याच्या बेतात असताना तो पुन्हा हलकेच छेडावा, पायपट्टीने आधीच्या स्वराचा अवशेष पुढच्यात शिरू द्यावा, ही टेंबे-मंक यांचीच विद्या तेथे दिसते.

मात्र त्या आलापात डावा हात काय करतो, याकडे लक्ष द्यावे. तो षड्ज-पंचम धरतो. तंबोरा होतो. शोपँने ज्या हाताला सारी कथा सांगावयास लावली, एव्हान्सने ज्याला दोन स्वरसंघांवर थोपवून धरले, त्याला राग आणखी एक पायरी उतरवतो आणि मौनाच्या कडेला नेऊन बसवतो. जॅझने पियानोला दिलेली चौकट ही राग वाजविण्याची किंमत म्हणून परत करावी लागते. पेटीवाल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, कारण त्याचा डावा हात भात्यावर असतो. वाद्य श्वास घेत राहावे एवढेच त्याचे काम. पियानोवाल्याचा डावा हात मोकळा आहे, आणि मोकळ्या हाताला काहीच न करण्याची तालीम देणे फार कठीण. दिल्लीतील तरुण वादक शोपँ आणि भूप यांच्यामध्ये बसून याच हाताशी झगडताना दिसतात. कोणी तो मांडीवर ठेवून पाहतो, कोणी षड्जावर. कोणी मध्येच न राहवून एखादा स्वरसंघ देतो, आणि गांधार दचकतो.